थंड मुलुखाची तयारी

काटोलास वैशाखांत संत्र्यांच्या बागाही होरपळतात. अशा गांवाहून समुदायानें स्वित्झर्लंडकडे निघावयाचें म्हणजे प्रथम जाड कोटाची चर्चा होते. कारण टिटलिसच्या ३,००० मीटर उंचीवर ऐन उन्हाळ्यांतही बर्फ असतो. परंतु एका जाड वस्त्रापेक्षां एकावर एक घातलेलीं पातळ वस्त्रें अधिक ऊब देतात. त्यांच्यामध्यें कोंडलेली हवाच उष्णता राखते. सुती कपडा भिजला कीं अंग गार पाडतो. म्हणून अंगालगत लोकर असावी.

खरी अडचण घरांतील वडील स्त्रियांची. पेहराव बदलण्याचा त्यांस संकोच वाटतो. त्यांस आनंदीबाई जोशी यांचें उदाहरण सांगावें. १८८३ सालीं अमेरिकेस गेल्यावर नऊवारीनें पोटऱ्या उघड्या राहतात, म्हणून त्यांनीं गुजराती पद्धतीनें नेसणें पत्करलें. स्वदेशी वेष मात्र सोडला नाहीं.

थंडीनें रक्तवाहिन्या आकुंचन पावून रक्तदाब चढतो. यास्तव वृद्धांनीं निघण्यापूर्वीं डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. आणि सुनांस आमचें सांगणें इतकेंच, कीं सासूबाईंस थंडी वाजते का, असें विचारूं नये. त्या नाहींच म्हणतील. त्यांचा हात हातीं घेऊन पाहावा.