वर्तुळाची सजावट

गेल्या स्नेहसंमेलनाच्या वेळीं भरलेल्या प्रदर्शनांत नववीच्या मुलांनीं संगणकावर काढलेला वृत्तालेख पुष्कळ पालकांनीं पाहिला असेल. मुलें शाळेंत कशीं येतात, हा त्याचा विषय. तीन रंगांच्या तीन पाकळ्या, त्यांतील एक वर्तुळाबाहेर सरकविलेली, खालीं सावली, प्रत्येकीवर शेकडा प्रमाण, असा सारा थाट होता. त्यास पहिलें पारितोषिक आम्हींच दिलें. तेव्हां पुढें सांगावयाच्या चुकीचा मोठा वांटा आमच्याकडे येतो.

प्रश्न चाळीस मुलांस विचारला होता. पायीं येणारीं ३०, एस. टी.नें २०, सायकलनें १० असे आकडे आले. बेरीज ६० ! कारण उघड आहे. कित्येक मुलें फाट्यापर्यंत बसनें येतात व पुढें चालतात. त्यांनीं दोन्ही उत्तरें दिलीं. संगणकानें मात्र ६० हेंच पूर्ण वर्तुळ धरलें आणि पायीं येणारीं शेकडा ५० असें छापलें. वस्तुतः चाळिसांत तीस म्हणजे शेकडा ७५. ही गोष्ट किराणा मालाचें दुकान चालविणाऱ्या एका पालकांनीं उभ्या उभ्या तोंडी हिशेब करून आमच्या ध्यानांत आणून दिली. रस्त्याच्या कडेला पदपथ मिळावा म्हणून पालकसभा जो अर्ज करणार होती, त्यास हेंच चित्र जोडावयाचें होतें.

मुलांनीं वापरलेली ‘मॅटप्लॉटलिब’ ही पायथन भाषेंतील तयार आज्ञांची लायब्ररी. मेंदूच्या विकारांवर संशोधन करणारे अमेरिकेंतील जॉन हंटर यांनीं ती स्वतःच्या कामाकरितां रचिली व २००३ सालीं सर्वांस खुली केली. तींत वृत्तालेखास हवा तो वेष देतां येतो. ‘एक्स्प्लोड’नें पाकळी बाहेर सरकते, ‘शॅडो’नें सावली पडते. या दोहोंवर मुलांच्या उड्या पडतात, आणि आमच्या मतें याच दोन गोष्टी सर्वांत निरुपयोगी. बाहेर आलेली पाकळी आहे त्याहून महत्त्वाची भासते. उलट ‘स्टार्टअँगल’ कोणी पाहत नाहीं. न सांगितल्यास पहिली पाकळी उजवीकडून निघून घड्याळाच्या उलट फिरते. ९० सांगून दिशा पालटली, तर ती माथ्यापासून घड्याळाप्रमाणें चालते व वाचणाऱ्याची सोय होते. ‘नॉर्मलाइझ’ तर कोणाच्या गांवींही नसतें. मुलांनीं ०.७५, ०.५०, ०.२५ असे भाग देऊन तें बंद ठेविलें असतें, तर बेरीज एकाहून अधिक होते म्हणून संगणकानें चित्र काढण्याचेंच नाकारलें असतें.

भाकरीचे कितीही तुकडे केले तरी ते एकाच भाकरीचे. विल्यम प्लेफेअर यांनीं १८०१ सालीं छापलेल्या वर्तुळांत तुर्की साम्राज्याचा मुलूख आशिया, युरोप व आफ्रिका असा वांटून दाखविला. तेथें एक प्रांत दोन खंडांत मोजण्याचा प्रश्न नव्हता. आमचीं मुलें मात्र बसमध्येंही होतीं व रस्त्यावरही. अशा ठिकाणीं स्तंभालेखच हवा. शिवाय कोनांपेक्षां एकाच रेघेवरून मोजलेली उंची डोळ्यांस अधिक अचूक कळते, असें क्लीव्हलंड व मॅकगिल यांनीं १९८४ सालीं प्रयोगांनीं दाखविलें आहे. मग हा विषय शिकवितांना आम्ही रंगांपासून आरंभ कां करितों ? बेरजेपासून कां नाहीं ?

अर्जास आतां तीन स्तंभांचें चित्र जोडलें आहे. पूर्ण उंची ४०, पायीं येणारांचा स्तंभ ३० वर. चित्र अगदींच साधें दिसतें, अशी मुलांची तक्रार आहे. पारितोषिक परत करावें काय, असेंही त्यांनीं विचारलें. तें आम्हीं घेतलें नाहीं. परीक्षक आम्हीच होतों.