‘लोक उशिरा येतात’ म्हणणाऱ्यांनो, आधी अंतर मोजा!

पावसाळा आला की महाड-पोलादपूरकडे एक वाक्य हमखास ऐकू येते : "वाडीवरचे लोक अडाणी. आधी भगताकडे जातात, मग मेडिकलमधून गोळ्या आणतात आणि अगदीच टेकले की दवाखाना गाठतात." शिकलेली माणसे हे बोलतात. आपल्यातलेही बोलतात. म्हणून यातले खरे किती, ते तपासू.

२२ जुलै २०२१ ला सावित्री-गांधारीच्या पुराने महाड बुडाले. अशा पुरानंतर मोठी भीती असते लेप्टोस्पायरोसिसची. उंदीर-गुरांच्या मुतातून जंतू पाण्या-चिखलात उतरतात आणि पायाच्या जखमेतून माणसात शिरतात. मग घराघरातला चिखल कोण उपसतो? भातलावणीला दिवसभर अनवाणी कोण उभे राहते? जंतू जात विचारत नाही, हे खरे. पण चिखलात कोणी उतरायचे, हे जातीनेच ठरवत आणले आहे.

या आजाराची सुरुवात ताप, डोकेदुखी, लाल डोळे आणि पोटऱ्यांच्या दुखण्याने होते. लावणीच्या दिवसांत अंग कोणाचे दुखत नाही? दवाखान्यात जायचे तर दिवसाची मजुरी बुडते, वर गाडीभाडे. एक मावशी मला म्हणाल्या, "ताई, ताप आला म्हणून लावणी थांबते का?" पुढे डोळे पिवळे झाले की ‘कावीळ उतरवायला’ झाडपालावाल्याकडे जायचे. सुरुवातीलाच डॉक्टरांनी दिलेल्या डॉक्सिसायक्लिनसारख्या स्वस्त गोळ्यांनी आटोक्यात येणारा आजार तोवर मूत्रपिंडापर्यंत पोचतो. आणि जिल्हा रुग्णालय अलिबागला! पोलादपूरहून शंभर किलोमीटरच्या पुढे. मग उशीर नक्की कोणी केला?

एवढे करून पोचलेल्या माणसाला पहिला प्रश्न काय, तर "इतके दिवस झोपला होतात का?" ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’मध्ये बाबासाहेबांनी काठियावाडच्या एका अस्पृश्य शिक्षकाची हकिकत दिली आहे. डॉक्टरने थर्मामीटर मुसलमान माणसाच्या हाती दिले, त्याने नवऱ्याच्या आणि नवऱ्याने आजारी बाळंतिणीच्या. ती बाई वाचली नाही. आज थर्मामीटर असे फिरत नाही. पण एकदा अपमान झालेला माणूस पुढच्या तापाला त्या दाराशी जात नाही.

महाड नगरपालिकेने १९२४ मध्ये चवदार तळे खुले केल्याचा ठराव केला. प्रत्यक्ष पाण्याला हात लागायला २० मार्च १९२७ उजाडावा लागला. कागदावर खुले आणि खरोखर खुले यांतला फरक महाडला कोणी शिकवू नये. मोफत उपचाराचेही तेच आहे.

पण बंधूभगिनींनो, स्वतःलाही विचारा. बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या घरात तापाच्या पोराच्या कपाळाला अंगारा का? भगत रात्री दार उघडतो, ऐकून घेतो, ओरडत नाही. म्हणून तो जिंकतो. हे कारण आहे, सबब नव्हे. आपले मूल जाते, भगताचे काही जात नाही.

म्हणून मागणी स्पष्ट करा. पूर ओसरताच वैद्यकीय सल्ल्याने प्रतिबंधक गोळ्या वाडीवर पोचल्या पाहिजेत. लावणीच्या दिवसांत तपासणी संध्याकाळी, मजुरी न बुडवता झाली पाहिजे. रात्री गाडी मिळाली पाहिजे. आणि आपण विहारात वंदनेनंतर पाच मिनिटे एवढेच सांगू : चिखलात काम केल्यावर ताप आला तर त्याच दिवशी दवाखाना, आणि "मी चिखलात काम केले" हे डॉक्टरांना सांगायचेच.

तळ्याचे पाणी हक्काने घेतले. औषधही हक्काने घेऊ.

जय भीम!