उरलेले तीन पर्याय

मस्कतजवळच्या वादी अदाईत राहणाऱ्या मराठी आईवडिलांना मुलाला सातारच्या सैनिक शाळेत घालायचे असेल, तर एक सल्ला हमखास मिळतो : बुद्धिमत्तेच्या प्रश्नांवर विचार करत बसायचे नसते, प्रकार ओळखायचा, युक्ती लावायची, पुढे जायचे. सल्ल्यामागची अडचण खरी आहे. सहावीच्या प्रवेशपरीक्षेत १५० मिनिटांत १२५ प्रश्न, म्हणजे एकाला ७२ सेकंद. नवोदय विद्यालयाच्या परीक्षेत ९० मिळतात. तरीही सल्ला चुकीचा आहे, आणि त्यात नुकसान मुलांचेच होते.

‘सर्व’ आणि ‘काही’ एकत्र आले की निष्कर्ष निघत नाही, ही युक्ती घ्या. सर्व हापूस आंबे आहेत, काही आंबे पिवळे आहेत. म्हणून काही हापूस पिवळे, असे ठरत नाही. युक्ती चालली. आता काही आंबे हापूस आहेत, सर्व हापूस गोड आहेत. इथे काही आंबे गोड हे ठरतेच, आणि युक्ती घोकलेले मूल नेमके तेच खोडते. ‘पिवळे ते सगळे पायरी असले तर?’ असे विचारून पाहणारे मूल दोन्हीकडे तरते.

असे विचारणे म्हणजेच तर्क. नदी फुगली, म्हणजे वर पाऊस झाला, हे अनुमान न्यायसूत्रांच्या परंपरेत आहे. त्यावर आक्षेपही तिथेच आहे : प्रवाह कुठे अडल्याने पाणी चढले असेल तर? भाष्यकार वात्स्यायनाचे उत्तर असे की नुसते पाणी वाढले म्हणून नव्हे. धारेचा वेग, फेस, वाहून येणारी पाने नि लाकडे पाहून पाऊस ठरवायचा. डोंगरातल्या पावसाने कोरडी वादी, म्हणजे ओढा, वाहू लागते हे जिथे ठाऊक आहे, तिथल्या मुलाला हा वाद अवघड वाटायचे कारण नाही.

वेळेचे काय? घड्याळ शेवटच्या महिन्यात लावा. तोवर रोज थोडेच प्रश्न द्या, पण उरलेले तीन पर्याय का चुकीचे, ते मुलाने तोंडाने सांगायचे. नवोदयच्या आकृत्यांनाही हेच लागू. आरशात डावे-उजवे बदलते एवढेच पाठ केलेले मूल आरसा आकृतीखाली धरला की फसते. कारण सांगायची सवय लागली की चुकीचे पर्याय झटक्यात गळतात; वेग तिथून येतो.

आईवडिलांना स्वतःला उत्तर आले नाही तरी चालेल. त्यांनी शेजारी बसून ‘तिसरा का नाही?’ एवढे विचारायचे, आणि मुलाचे सांगून होईपर्यंत थांबायचे.