पन्नाशीचा घोडेस्वार

त्याचं असं झालं, परवा रविवारी आमच्या लालबागच्या खोलीत टीव्हीवर 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज'चा पहिला भाग लागला. पीटर जॅक्सनचा, २००१ सालचा. नऊ काळे घोडेस्वार मागे, पांढऱ्या घोड्यावर आर्वेन, आणि तिच्या पुढ्यात गोणीसारखा कलंडलेला जखमी फ्रोडो. नदीपार झाल्यावर ती तलवार उपसून नवांना आव्हान देते, मंत्र म्हणते, पूर येतो, काळे वाहून जातात. कन्येने टाळ्या वाजवल्या. मी ओरडलो, "साफ अन्याय आहे हा!"

"अहो, शेजारी ऐकतायत," पोळ्या लाटता लाटता सौ. म्हणाली.

ऐकू द्या! टोलकिनच्या कादंबरीचा हा पहिला खंड १९५४ सालचा. कॉलेजात असताना फाउंटनच्या फुटपाथवर घासाघीस करून घेतला होता मी. त्यात या पाठलागात आर्वेन नाहीच. ग्लॉरफिंडेल नावाचा एल्फ आपला घोडा फ्रोडोला देतो नि स्वतः मागे राहतो. फ्रोडो एकटा. खांद्यात जीवघेणी जखम, डोळ्यांपुढे धुकं. पैलतीरावर घोडा थांबतो आणि हा चार फुटांहून बुटका इसम मागे वळून नऊ भुतांना बजावतो, चालते व्हा, अंगठी मिळणार नाही आणि मीही नाही! भुतं हसतात. हातातली तलवार मोडते. पूर मागाहून, आणि तोही एलरॉन्डच्या हुकमाने.

आणि वय? पन्नास! पन्नाशी पुरी करून घराबाहेर पडलेला गृहस्थ. सिनेमात विशीतलं पोरगं. बी.कॉम. माणसाला यात सरळ अफरातफर दिसते. एकाच्या खात्यातलं शौर्य दुसऱ्याच्या खात्यात वळतं, आणि व्हाउचरवर खातेदाराची सही नाही!

"पण बाबा, पुस्तकात बायका आहेतच किती? एकीला घोडा मिळाला तर तुमच्या पोटात दुखलं!"

मुद्दा बिनतोड. टोलकिनने आर्वेनला बहुतेक वेळ घरीच बसवलंय, तिची प्रेमकथासुद्धा परिशिष्टात टाकलीय. द्या तिला घोडा, पूरही द्या. पण ते 'नाही' फ्रोडोचं होतं हो! भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे दुसऱ्याच्या कॅरियरवर बसून निसटला असता, तर वाचला असता का आपण?

एका मार्चअखेरीला साहेबांनी मला एका कागदावर मागची तारीख घालायला सांगितली. मी वळून 'नाही' म्हणालो. आवाज चिरकला, पेन खाली पडलं, साहेब हसले. पूर काही आला नाही. एप्रिलात बदली आली, थेट विरारपलीकडे.

हे घरी कधी बोललो नव्हतो. लाटणं थांबलं. कन्येने टीव्ही बंद केला.

"ते पुस्तक कुठाय, बाबा?"

"माळ्यावर. स्टूल घट्ट धर, हलतं ते."