चित्रांचें दुकान आणि चित्रांचें घर

दरवर्षीं एलिमेंटरी व इंटरमीजिएट या रेखाकलेच्या परीक्षांचा निकाल लागला, म्हणजे पुष्कळ घरांतून एकच संवाद ऐकूं येतो. मुलगा किंवा मुलगी हर्षभरानें प्रमाणपत्र पुढें करते, वडील पाठ थोपटतात, आई देवापुढें साखर ठेवते, आणि पाठोपाठ सूचना येते कीं, "बाळ, झालें तें छान झालें. आतां ती रंगांची पेटी माळ्यावर ठेव आणि अभ्यासाला लाग." ह्या सूचनेच्या पोटीं आईबापांची मायाच असते, हें आम्हीं जाणून आहों. चित्रें काढून पोट भरत नाहीं, ही त्यांची भीति अगदींच निराधार आहे, असेंही आम्हीं म्हणणार नाहीं. परंतु चित्रकार आणि दारिद्र्य यांची गांठ कांहीं ब्रह्मदेवानें मारून दिलेली नाहीं. चित्र काढणारा आणि चित्र घेणारा यांची भेट घडवून आणणारें स्थळ आमच्या बहुतेक गांवांत नाहीं, हें त्या दारिद्र्याचें एक मोठें कारण आहे. तें स्थळ म्हणजे कलादालन. असें कलादालन काढण्यास राजेपण लागत नाहीं, पदवी लागत नाहीं. तें सामान्य मनुष्यासही काढतां येतें, आणि तो एक प्रतिष्ठित धंदा होऊं शकतो, हेंच आज विद्यार्थ्यांपुढें व त्यांच्या पालकांपुढें मांडण्याचा आमचा हेतु आहे.

कलादालन म्हटलें कीं आपल्या डोळ्यांपुढें संगमरवरी जिने व उंच घुमट उभे राहतात. तसें होणें स्वाभाविक आहे. औंधचे अधिपति श्रीमंत बाळासाहेब पंतप्रतिनिधि हे स्वतः उत्तम चित्रकार. त्यांनीं सन १९३८ सालीं आपल्या संस्थानांत श्रीभवानी संग्रहालय उघडलें. मुंबईस सर कावसजी जहांगीर यांनीं आपल्या दिवंगत पुत्राच्या स्मरणार्थ दिलेल्या देणगींतून सन १९५२ मध्यें जहांगीर कलादालन उभें राहिलें. ह्या दात्यांचे उपकार महाराष्ट्र कधींही विसरणार नाहीं. परंतु प्रत्येक तालुक्याच्या गांवानें कोणी राजा अगर कोणी शेठ येईल म्हणून वाट पाहत बसावयाचें ठरविलें, तर पिढ्यान् पिढ्या लोटतील आणि मुलांच्या रंगपेट्या माळ्यावरच वाळून जातील. म्हणून दात्यांना वंदन करून आम्हीं आज एका दुकानदाराची गोष्ट सांगणार आहों.

केकू गांधी यांचा जन्म सन १९२० सालचा. मुंबईच्या ह्या पारशी तरुणास शिक्षणासाठीं केंब्रिज येथें पाठविण्यांत आलें होतें. सन १९३९ मध्यें तो सुटीसाठीं घरीं आला असतां दुसरें महायुद्ध पेटलें आणि परतीची वाट बंद झाली. अशा वेळीं कित्येक तरुण नशिबाला बोल लावीत बसते. ह्या तरुणाची एका बेल्जियन गृहस्थाशीं गांठ पडली, आणि त्यांतून सन १९४१ सालीं तसबिरींच्या चौकटी तयार करण्याचा कारखाना निघाला. 'केमिकल मोल्डिंग' ह्या शब्दांचा संक्षेप करून त्याचें नांव 'केमोल्ड' असें ठेवण्यांत आलें. चित्रकलेचें रीतसर शिक्षण नाहीं. चित्रें विकण्याचा धंदा शिकविणारी शाळा तर त्या काळीं मुंबईत नव्हतीच. हातीं होती ती चौकट. मधली जागा रिकामी होती.

ती रिकामी जागा त्यांस स्वस्थ बसूं देईना. प्रिन्सेस स्ट्रीटवर, म्हणजे आजच्या शामळदास गांधी मार्गावर, त्यांचें चौकटींचें दुकान होतें. त्या दुकानांत ते तरुण चित्रकारांचीं चित्रें मांडूं लागले. हे चित्रकार तरी कोण? के. एच. आरा हे लहानपणीं घर सोडून मुंबईस आलेले; लोकांच्या घरीं गडी म्हणून राबून, मोटारी धुऊन त्यांनीं पोट भरलें आणि चित्रकला आपली आपणच आत्मसात केली. मकबूल फिदा हुसेन हे सिनेमाचे मोठाले फलक रंगवून उपजीविका करीत. सन १९४७ सालीं मुंबईत जो 'प्रोग्रेसिव्ह' चित्रकारांचा संघ स्थापन झाला, त्यांत आरा, हुसेन, सूझा, रझा, गाडे व बाकरे असे सहा जण होते. आज त्यांच्या चित्रांस जगांत केवढें मोल येतें, हें सर्वश्रुत आहे. पण त्या काळीं त्यांना हवी होती ती एक भिंत, आणि त्या भिंतीवरून नजर फिरविणारे चार लोक. चौकट घेण्यास आलेल्या गिऱ्हाइकाच्या दृष्टीस चित्र पडावें, इतकी साधी ही युक्ति होती.

पुढें सन १९६३ मध्यें केकू गांधी व त्यांच्या पत्नी खोर्शेद यांनीं जहांगीर कलादालनाच्या पहिल्या मजल्यावर स्वतःचें दालन उघडलें. दुकानाच्या भिंतीपासून ह्या दालनापर्यंत येण्यास दोन दशकांहून अधिक काळ लागला, हें उतावळ्या तरुणांनीं ध्यानांत ठेवावें. सन १९७५ सालीं ह्याच दालनांत जिव्या सोमा मशे यांचीं चित्रें लागलीं. डहाणू तालुक्यांतील गंजाड येथील हा वारली कलावंत. लग्नाच्या वेळीं झोंपडीच्या गेरूच्या भिंतीवर तांदळाच्या पिठानें चौक लिहावयाचा, ही त्या समाजाची जुनी चाल. तें काम परंपरेनें स्त्रियांचें. मशे यांनीं ती कला कागदावर व कापडावर आणली, आणि सन २०११ सालीं त्यांस पद्मश्री मिळाली. चौकटीच्या दुकानांतून निघालेला रस्ता डहाणूच्या पाड्यापर्यंत पोंचला, ही गोष्ट आम्हांस कोणत्याही किंमतीच्या आंकड्यापेक्षां मोठी वाटते. केकू गांधी सन २०१२ मध्यें निवर्तले. त्यांचें दालन मात्र पुढच्या पिढीनें सन २००७ पासूनच फोर्ट भागांत नव्या जागीं चालविलें होतें.

ह्या चरित्रापासून आमच्या मतें तीन बोध घ्यावयाचे आहेत.

पहिला बोध असा कीं, कलादालन एकाच खांबावर उभें करूं नये. चित्र हें कांहीं मीठमिरची नव्हे कीं रोज विकलें जाईल. महिना महिना एकही चित्र खपत नाहीं. भाडें मात्र पहिल्या तारखेस द्यावेंच लागतें. म्हणून एका छपराखालीं अनेक कामें असावींत. सकाळीं चौकटी व कांचा बसवाव्या; दुपारीं मुलांचा चित्रवर्ग भरवावा; भिंतीवर महिन्यागणिक नव्या हाताचीं चित्रें लावावींत; छापील चित्रें व भेटपत्रें अल्प किंमतींत ठेवावींत; आणि संध्याकाळीं तीच खोली व्याख्यानास, काव्यवाचनास अगर गाण्याच्या बैठकीस द्यावी. चहाची सोय असल्यास तीही वाईट नव्हे. जहांगीर कलादालनांत सन १९६४ पासून सन २०१५ पर्यंत 'समोवार' नांवाचें उपाहारगृह होतें. चहाच्या निमित्तानें आलेला मनुष्य चित्रांवरून जाई, आणि चित्रांसाठीं आलेला चहावर बोलत बसे. चार कामांनीं मिळून भाडें उचललें, म्हणजे चित्राला आपल्या गिऱ्हाइकाची वाट पाहण्यास सवड मिळते.

दुसरा बोध स्वयंशिक्षणाचा. स्वतः शिकलेला म्हणजे कोणापाशींही न शिकलेला, असा अर्थ कित्येक आळशी मुलें आपल्या सोयीनें करितात. हा अर्थ साफ चुकीचा आहे. ज्याला एक गुरु नसतो, त्याला दहा करावे लागतात. नाझी राजवटीच्या भयानें मायदेश सोडून मुंबईस आलेले वॉल्टर लँगहॅमर हे चित्रकार, रुडॉल्फ फॉन लायडन हे समीक्षक व इमॅन्युएल श्लेसिंजर हे संग्राहक, अशा जाणत्यांच्या सहवासांत केकू गांधींची दृष्टि तयार झाली. आमच्या पुण्यांत दिनकर गंगाधर केळकर हे चष्म्यांचा धंदा करीत. पण गांवोगांव हिंडून त्यांनीं दिवे, अडकित्ते, दौती, दरवाजे, वाद्यें अशा नित्याच्या वस्तूंचा अपूर्व संग्रह केला, आणि आपल्या अकालीं गेलेल्या 'राजा' नांवाच्या पुत्राच्या नांवानें तो लोकांस खुला केला. त्यांचे गुरु म्हणजे जुन्या बाजारांतले लोक व वाड्यांतल्या वृद्ध स्त्रिया. कलादालन काढूं इच्छिणाऱ्यानेंही असेंच शिकलें पाहिजे. जलरंगाच्या चित्रावर रोज ऊन पडलें कीं रंग उडतो. चित्राचा कागद कांचेला चिकटला तर पावसाळ्यांत बुरशी धरते, म्हणून मध्यें जाड पुठ्ठ्याची पट्टी ठेवून अंतर राखावें. हलका पुठ्ठा पाठीशीं लावला तर कांहीं वर्षांत कागद पिवळा पडतो. ओल असलेल्या भिंतीवर चित्र टांगूं नये. आणि तें छताशीं न टांगतां उभ्या माणसाच्या डोळ्यांच्या रेषेंत टांगावें. हीं दिसावयास क्षुल्लक, पण धंद्याचीं मुळाक्षरें आहेत. तीं सुतारापाशीं, छापखानेवाल्यापाशीं व खुद्द चित्रकारापाशीं शिकावयाचीं असतात.

तिसरा बोध सचोटीचा, आणि तो आम्हीं सर्वांत महत्त्वाचा समजतों. चित्रकार आपलें चित्र विश्वासानें दुकानांत ठेवून जातो. तें चित्र दुकानदाराचें नव्हे. तें आलें त्या दिवशीं पावती द्यावी. किंमत किती व आपली दलाली किती, हें आधींच लिहून ठेवावें. विक्री झाल्यावर चित्रकाराचा पैसा स्वतंत्र ठेवून वेळेवर पोंचवावा. नक्कल असेल तर नक्कल म्हणून सांगावें. कलावंत बहुधा हिशेबांत भोळा असतो. त्याच्या भोळेपणावर ज्यानें इमला बांधला, त्याचें दालन कितीही झगझगीत असो, तें चित्रांचें घर नव्हे.

आतां कोणी आक्षेप घेईल कीं, कला ही पवित्र वस्तु. तिला बाजारांत बसविणें अनुचित आहे. आम्हांस हा आक्षेप पटत नाहीं. वैद्य औषधाचे पैसे घेतो आणि शिक्षक वेतन घेतो, म्हणून वैद्यक अगर विद्या हीन ठरत नाहीं. हीनपणा लबाडींत आहे, मोबदल्यांत नाहीं. उलट चित्रकारानें फुकट चित्रें वाटावींत आणि उपाशी राहावें, अशी अपेक्षा करणाऱ्या समाजासच कलेची किंमत कळलेली नाहीं. दुसरा आक्षेप बुडण्याच्या भयाचा. तो मात्र खरा आहे. म्हणून आमचा सल्ला असा कीं, असलेला रोजगार एकदम सोडूं नये, कर्ज काढून भिंती सजवूं नयेत, आणि पहिलें वर्ष एका खोलींतच काढावें. चौकटीचें दुकान आधीं, दालन मागून.

पण हा धंदा उद्यां आमचे विद्यार्थी करोत वा न करोत, त्याचें शिक्षण आजच देतां येईल. आमची सूचना अशी आहे कीं, वार्षिक स्नेहसंमेलनाच्या दिवसांत शाळेचें सभागृह चार दिवस कलादालन व्हावें. चित्रें विद्यार्थ्यांचीं असावींत, आणि गांवांतील मूर्तिकार, फलक रंगविणारे, रांगोळी व भरतकाम करणाऱ्या भगिनी यांसही मानानें बोलवावें. चित्रांची यादी करणें, किंमत ठरविणें, पावती फाडणें, हिशेब जुळविणें, आणि आलेल्या पाहुण्यांस चित्र समजावून सांगणें, हीं सर्व कामें मुलामुलींनींच करावींत. चित्रकलेंत ज्यांचा हात चालत नाहीं, त्यांतील एखादा हिशेबांत निपुण निघेल. एखादी मुलगी बोलण्यांत चतुर निघेल. कलादालनास ह्या सर्वांची गरज असते.

आणि पालकांस आमची एकच विनंती आहे. त्या चार दिवसांत आपण यावें, आणि परवडेल त्या किंमतीचें एक तरी चित्र विकत घ्यावें. तेंही आपल्या मुलाचें नव्हे, दुसऱ्याच्या मुलाचें. आपल्या मुलाचें कौतुक सर्वच करितात. दुसऱ्याच्या मुलाच्या श्रमाचें मोल देण्यांत कलेची खरी कदर आहे. दिवाणखान्यांत दुकानदारानें फुकट दिलेली दिनदर्शिका असतेच. तिच्या शेजारीं तें चित्र लावावें, आणि खालीं तें काढणाऱ्याचें नांव असूं द्यावें.

शुभवर्तमानांत एका चाकराची गोष्ट आहे. धन्यानें सोपविलेलें द्रव्य त्यानें भीतीनें जमिनींत पुरून ठेविलें आणि जसेंच्या तसें परत आणून दिलें. तरीही धनी रागावला, कारण द्रव्य राखलें तरी त्याचा उपयोग झाला नाहीं. ही गोष्ट कोणत्याही धर्माच्या मुलास समजण्यासारखी आहे. माळ्यावरची रंगांची पेटी ही तशीच पुरलेली ठेव आहे. ती खालीं काढावी, एवढेंच आमचें मागणें आहे. अभ्यास सोडा असें आम्हीं म्हणत नाहीं; पेटीही सोडूं नका, असें म्हणतों.