बालाजी किती लांब?

कोल्हापूर ते तिरुपती हवाई अंतर साधारण ६५० किलोमीटर. हरिप्रिया एक्स्प्रेसने तेच ९०० च्या आसपास भरतं, कारण गाडी मिरज, बेळगाव, हुबळी, बळ्ळारी, गुंतकल, कडप्पा असा वळसा घेत जाते. वीसेक तास, अख्खी रात्र गाडीत. आमच्या मावशीला पूर्वी हा प्रवासच प्रिय होता. डब्यात भजनं, दशम्या, खर्डा. आता सत्तरी उलटली. दोन तास पाय लोंबकळत ठेवून बसलं की घोटे सुजतात. तिचं दर्शन आता विमानावरच अवलंबून आहे.

या मार्गावर थेट विमान २०१९ मध्ये सुरू झालं. पंख्यांचं एटीआर ताशी ५०० किलोमीटरच्या आसपास उडतं, म्हणजे हिशेबाने सव्वा तास पुरावा. तिकिटावर मात्र जास्त वेळ छापलेला असतो, आणि तोच खरा. चाकांखालचे अडसर काढल्यापासून ते उतरल्यावर पुन्हा लावेपर्यंतचा वेळ त्यात धरतात. शिवाय विमान वाऱ्याला सामोरं जाऊनच उडतं. कोल्हापूरच्या उजळाईवाडी विमानतळाची धावपट्टी पूर्व-पश्चिम. पावसाळ्यात वारा पश्चिमेचा, तेव्हा आग्नेयेच्या बालाजीकडे पाठ करून, पश्चिमेला तोंड करून निघायचं आणि वर जाऊन वळायचं. पुढे तोच वारा पाठीशी लागतो.

उतरायचं रेणिगुंट्याला. तिथून तिरुपती गाव, अलिपिरीची तपासणी, मग घाट.

भाविकांची ही ये-जा एकतर्फी नाही. रुसलेली लक्ष्मी करवीरात, म्हणजे कोल्हापुरात, आली आणि तिच्यामागे निघालेले विष्णू तिरुमलावर थांबले, अशी कथा सांगतात. नवरात्रात तिरुपतीहून अंबाबाईला शालू येतो. बालाजी करून अंबाबाईला आल्याशिवाय यात्रा पुरी होत नाही, असं मानणारे भाविक तिकडूनही येतात. दोन्ही बाजूंनी भरणारे असे छोटे मार्ग देशात फार नसतील.

म्हणूनच मला मिनिटांपेक्षा तारखांची काळजी वाटते. बालाजीच्या तीनशे रुपयांच्या विशेष दर्शनाची तिकिटं काही महिने आधी काढावी लागतात. विमानांची वेळापत्रकं मात्र वर्षातून दोनदा, मार्चअखेर आणि ऑक्टोबरअखेर बदलतात. जानेवारीत एप्रिलचं दर्शन मिळालं, तरी त्या वारी विमान असेल याची खात्री कोण देणार? वार बदलला की म्हातारी माणसं पुन्हा गाडीच्या बर्थवर, नाहीतर घरी.

कंपन्यांना तोटा सोसा असं कुणी म्हणणार नाही. पण उडान योजनेतलं अनुदान तीन वर्षांचं असतं, आणि भाविकांची ही ये-जा पिढ्यान्‌पिढ्यांची आहे. आठवड्यातले दोन वार ठरवून ते वर्षभर हलवू नयेत, एवढं जरी विमान कंपनी आणि तिरुपती देवस्थानाने एकत्र बसून केलं, तरी मावशीसारख्यांना दर्शनाचं तिकीट निर्धास्त काढता येईल.