डोळे झाकले, फुप्फुसे उघडीच

भंडारा रोड रेल्वेस्थानक ज्या गावात आहे, ते वरठी. मोहाडी तालुक्यातले हे गाव पोलाद कारखान्यामुळे सर्वदूर ठाऊक झाले. मोठ्या कारखान्याच्या फाटकाआत निदान कायदा पोहोचतो; निरीक्षक, तपासणी, नोंदवही यांची सोय असते. फाटकाबाहेर, वरठीसारख्या कोणत्याही गावात, रस्त्याकडेच्या टिनाच्या शेडमध्ये ग्रिल, शटर आणि ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या वेल्डिंगने जोडणाऱ्या कारागिराच्या वाट्याला यातले काहीही येत नाही. रोवणीच्या आधी तर चिखलणीची चाके आणि ट्रॉल्या दुरुस्तीला रांगेने उभ्या असतात आणि होल्डर दिवसभर हातातून सुटत नाही.

तो उकिडवा बसून जोडावर वाकतो. एका हातात रॉड, दुसऱ्या हातात काळी काच, नाकाला रुमाल. निळसर धूर सरळ वर चढतो तो काचेच्या आतून, थेट नाकातोंडाशी. या धुरातले बहुतेक कण एका मायक्रॉनहूनही बारीक असतात. रुमालाच्या विणीतून ते सहज पार होतात. डोळ्यांना मात्र तो जपतो, कारण तिथे चूक झाली तर त्याच रात्री डोळ्यांत वाळू गेल्यासारखे होते आणि झोप लागत नाही. फुप्फुसे इतक्या लवकर तक्रार करत नाहीत.

एक तक्रार लवकर येते, पण ती ओळखली जात नाही. जीआय पाइपवर जस्ताचा थर असतो. लोखंड वितळायला सुमारे 1,500 अंश सेल्सिअस लागतात, जस्त 907 अंशांनाच उकळते. म्हणजे जोड बसण्याआधीच जस्ताचा पांढरा धूर निघालेला असतो. तो छातीत गेला की काही तासांनी, बहुधा संध्याकाळी, थंडी वाजून ताप येतो, अंग मोडून येते, तोंडाला धातूची चव येते. दीड-दोन दिवसांत सारे उतरते. पितळ ओतणाऱ्यांना हा ताप फार पूर्वीपासून माहीत आहे, आणि भंडारा तर पितळी भांड्यांचेच गाव. तरीही आज असा रुग्ण दवाखान्यात गेला की हिवतापाचा संशय येतो, रक्त तपासले जाते, सुई टोचली जाते. ‘आज कोणता पाइप जोडला?’ हा एक प्रश्न विचारला तर निदान तिथेच होईल. रोगाचा इतिहास घेताना कामाचा इतिहास न घेणे ही आपल्या ग्रामीण वैद्यकसेवेतली मोठी उणीव आहे.

मँगनीजचे दुखणे याहून गंभीर. याच भंडारा जिल्ह्यात, तुमसर तालुक्यातल्या चिखला आणि डोंगरी बुजुर्गच्या खाणींतून मँगनीज निघते. पोलादात ते असते, वेल्डिंगच्या रॉडमध्येही असते. वर्षानुवर्षे त्याचा धूर ओढला तर ते मेंदूवर बसते. हात थरथरतो, चाल मंदावते, बोलणे जड होते. 1948 च्या कारखाना कायद्याने मँगनीजची विषबाधा नोंदवण्याच्या रोगांत धरली होती. स्टेनलेस स्टीलच्या धुरात क्रोमियम आणि निकेल येतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने 2017 मध्ये सगळाच वेल्डिंगचा धूर, साध्या लोखंडाचासुद्धा, माणसात कर्करोग घडवणाऱ्या पहिल्या गटात टाकला. दोनच वर्षांनी ब्रिटनने साध्या लोखंडाच्या वेल्डिंगलाही बंदिस्त जागेत धूर खेचणारे यंत्र सक्तीचे केले. न्यूमोनियाचा धोका वाढतो म्हणून तिथे वेल्डरांना लस घ्यायला सांगतात. आपल्याकडे सांगतात गूळ खा, दूध प्या. गूळ पोटात जातो. धूर तिथे नसतो.

21 नोव्हेंबर 2025 पासून चार कामगार संहिता लागू झाल्या. वीज वापरणारा कारखाना म्हणजे किमान 20 कामगार, अशी नवी व्याख्या आली. दोन-तीन माणसांचे शेड त्यात बसणार कसे? पण सामाजिक सुरक्षा संहितेतच एक दार उघडे आहे: केंद्राने धोकादायक म्हणून अधिसूचित केलेल्या व्यवसायात एकच कामगार असला तरी त्याला कर्मचारी राज्य विम्याचे छत्र मिळू शकते. त्या यादीत वेल्डिंग असलेच पाहिजे, आणि राज्य सरकारने त्यासाठी दिल्लीकडे आग्रह धरला पाहिजे.

तोवर बरेच काही इथेच होण्यासारखे आहे. वारा बाजूने येईल असे बसणे, शेडची मागची भिंत उघडी ठेवणे, जोडाच्या जागेचे जस्त आधी काढणे, आणि रुमालाऐवजी कणांना अडवणारा, नाकावर घट्ट बसणारा मास्क. त्याची किंमत गिऱ्हाइकाच्या बिलात धरली तर कुणाचे दिवाळे निघणार नाही. आयटीआयमध्ये वेल्डर घडवताना जोड तपासतात तसा मास्कही तपासावा. आणि जिल्हा आरोग्य विभागाने या कारागिरांच्या श्वासाची चाचणी वर्षातून एकदा, पावसाळ्याचे काम ओसरल्यावर, त्यांच्या शेडपाशी येऊन करावी. रोजी बुडवून भंडाऱ्याला कुणी जाणार नाही.